गावात राहून डायलिसिस निभवायचं कसं: कागद, भाडं, हाताची नस आणि मुक्कामी एसटी

सरकारी दवाखान्यात डायलिसिस फुकट होतं हे आता गावात बऱ्याच जणांना माहीत झालंय आणि ते खरंही आहे, पण तरीसुद्धा घरातलं एक माणूस डायलिसिसवर गेलं की वर्षभरात बैलजोडी विकली जाते, मग एखादं एकर गहाण पडतं, हे मी आमच्या भागात बघतोय. पैसा मशीनवर कमी जातो आणि मशीनपर्यंत पोचण्यात जास्त जातो. जाण्यायेण्याचं भाडं, सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी, बाहेरून आणायला लावलेली इंजेक्शनं, ऐनवेळी मानेत टाकलेला कॅथेटर म्हणजे नळी आणि एका दाखल्यासाठी तहसीलच्या चकरा. यातल्या बऱ्याच गोष्टी आधीपासून हालचाल केली तर टळतात किंवा निम्म्यावर येतात, म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय, ज्यांच्या घरी गरज आहे त्यांनी सावकाश वाचा.

आमचा भाग म्हणजे खारपाणपट्टा, पूर्णेच्या खोऱ्यातला, अकोला अमरावती बुलढाण्याकडचा. विहिरीचं बोअरचं पाणी खारट, आणि गावोगाव किडनीचे पेशंट. किडनी पाण्यामुळेच जाते असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही, आणि देशभरात किडनी जाण्याची सगळ्यात मोठी कारणं शुगर आणि बीपी हीच आहेत, पण इथल्या माणसाला ते सांगून समाधान होत नाही, "पाणीच खारं हाय त काय करता" हेच उत्तर येतं. तुम्ही दुसऱ्या जिल्ह्यातले असाल तरी खाली लिहिलेलं बहुतेक सगळं महाराष्ट्रभर चालतं.

सगळ्यात स्वस्त काम आधी करा

किडनीचं वाईट हे की ती दुखत नाही. पायावर सूज, लघवीला फेस, भूक मरणं, दम लागणं हे दिसेपर्यंत बरीच किडनी गेलेली असते. म्हणून घरात कुणाला शुगर किंवा बीपी असेल, कुणाच्या आईवडिलांना किडनीचा त्रास झाला असेल, किंवा कुणी वर्षानुवर्षं अंगदुखीच्या गोळ्या खात असेल तर वर्षातून एकदा दोनच तपासण्या करा, रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त घेऊन महालॅबकडे पाठवतात, त्याला पैसे लागत नाहीत, रिपोर्ट मागून घ्या आणि जपून ठेवा. ३० वर्षांवरच्या सगळ्यांचं बीपी शुगर तपासायचं काम आशाताईंकडे असतंच, त्यांना सांगून ठेवलं तर त्या आठवण करतात. रिपोर्टवर ईजीएफआर, म्हणजे किडनी किती चालते त्याचा आकडा, लिहिलेला असतो, तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला तर किडनीचा जुनाट आजार समजतात, आणि १५ च्या खाली गेला की डायलिसिस किंवा ट्रान्सप्लांटची भाषा सुरू होते. ६० ते १५ हा प्रवास नीट औषधं घेतली तर कित्येकांचा अनेक वर्षांचा होतो, आणि बीपी शुगरच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत केलेलं आहे, मात्र मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं वेगळ्या खात्याची असतात, तिथे थोडेफार पैसे लागू शकतात.

क्रिएटिनिन वाढलंय असं एकदा कळलं की डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन असलं अंगदुखीचं काहीही औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. आपल्याकडे निंदण-वेचणीच्या दिवसांत किराणा दुकानातून गोळी आणून खायची सवय आहे, कंबर दुखली की इंजेक्शन मारून घ्यायची सवय आहे, ती इथे फार महागात पडते. भस्माच्या पुड्या, "किडनी धुवून काढतो" म्हणणाऱ्याचा काढा, यातल्या कित्येकांत जड धातू असतात. मी एवढ्या जोरात लिहितोय कारण पेशंट नेफ्रोलॉजिस्टकडे, म्हणजे किडनीच्या डॉक्टरकडे, पोचायच्या आधी वर्षभर याच रस्त्यावर फिरून आलेला असतो, आणि त्या वर्षभरात घरातला पैसाही जातो आणि किडनीही.

डावा हात राखून ठेवा

ही गोष्ट गावात कुणीच सांगत नाही म्हणून जरा विस्ताराने लिहितो. डायलिसिससाठी रक्त जोरात वाहणारी नस लागते. त्यासाठी हातातली धमनी आणि शीर छोट्या ऑपरेशनने जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात, आणि ते जोडल्यावर नस फुगून वापरण्यासारखी व्हायला साधारण ६ ते ८ आठवडे जातात, कधी जास्तही. म्हणजे फिस्टुला डायलिसिसची वेळ यायच्या आधी झालेला पाहिजे. आपल्याकडे उलटं होतं, "बघू, अजून चालतंय" करत करत पेशंट दम लागून उताणा पडतो, मग रात्री गाडी करून शहरात नेतात, तिथे मानेत कॅथेटर टाकून डायलिसिस सुरू होतं, कॅथेटरला इन्फेक्शन होतं, थंडी वाजून ताप येतो, परत अॅडमिट, आणि ज्या खर्चात वर्ष निघालं असतं तो पहिल्या महिन्यातच होऊन बसतो.

म्हणून ईजीएफआर २०-२५ च्या आसपास आला की स्वतःहून डॉक्टरला विचारा, फिस्टुला कधी करायचा. आणि तोवर ज्या हाताने आपण काम करत नाही त्या हाताच्या, बहुतेकांचा डावा, नसा जपा. त्या हाताला सलाईन नको, रक्त काढणं नको. गावातल्या दवाखान्यात अशक्तपणा म्हणलं की पहिली बाटली लावतात आणि हमखास डाव्या हातालाच लावतात, तिथे सरळ सांगायचं, किडनीचा पेशंट आहे, या हाताला सुई लावू नका. सूज असलेल्या पेशंटला बाटलीची गरज आहे का हेही विचारायचं, कारण ते पाणी बाहेर पडायला जागा नसते, ते फुप्फुसात साठतं.

फिस्टुला झाल्यावर त्या हातावर बीपी मोजायचं नाही, त्या हाताने पाण्याचा हंडा उचलायचा नाही, उशाला घेऊन झोपायचं नाही, घट्ट बांगड्या घड्याळ नाही. रोज सकाळी दुसऱ्या हाताची बोटं टाक्यांच्या जागेवर ठेवून बघायचं, आत थरथर जाणवली पाहिजे, सायलेंटवर ठेवलेला मोबाईल हातात थरथरतो तशी. ती थांबली तर त्याच दिवशी डायलिसिस सेंटरला फोन करायचा, उद्यावर ढकलायचं नाही, काही तासांत गेलं तर कधी कधी वाचवता येतो.

याच काळात हेपॅटायटिस बी ची लस घ्या. किडनीच्या पेशंटला नेहमीपेक्षा दुप्पट डोस लागतो आणि साधारण सहा महिन्यांत चार वेळा घ्यावी लागते, म्हणून ती आधीपासून सुरू केलेली बरी. ज्याला कावीळ बी झालेली आहे त्याला वेगळं मशीन लागतं, आणि तसं मशीन प्रत्येक तालुक्याला नसतं, म्हणजे पुन्हा लांबचा प्रवास.

कागद

एक प्लास्टिकची फाईल करा. त्यात आधार, रेशन कार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुकाची झेरॉक्स, पासपोर्ट साईज फोटो, आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड. सगळ्यात जास्त गोंधळ नावाचा होतो, आधारवर एक नाव, रेशन कार्डावर दुसरं, बाईचं माहेरचं आडनाव एकीकडे आणि सासरचं दुसरीकडे, आणि पेशंट बेडवर असताना हे दुरुस्त करायला माणूस गावी पळतो. पेशंट चालता फिरता आहे तेव्हाच हे उरकून घ्या, त्याचा अंगठा किंवा फोटो लागतो तिथे त्याला नेता येतं. वेगळं राहणाऱ्या मुलाचं नाव रेशन कार्डातून कमी करताना म्हाताऱ्याचंच नाव उडालेलं असतं असंही पाहिलंय, कार्ड उघडून सगळी नावं वाचा.

मुख्य योजना म्हणजे महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना, जी आता आयुष्मान भारतसोबत जोडून चालते. यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, किडनी ट्रान्सप्लांटसाठी ही मर्यादा साडेचार लाख आहे, आणि पिवळं केशरीच नाही तर पांढरं रेशन कार्डसुद्धा आता यात बसतं. आधी दीड लाख होतं, ते बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून तसंच बसलंय, हॉस्पिटलवाल्यांच्याही. ज्या हॉस्पिटलला ही योजना लागू आहे तिथे आरोग्यमित्र नावाचा माणूस टेबल टाकून बसलेला असतो, आधी त्याला भेटायचं, बिलिंग काउंटरला नाही. त्याला हे विचारा: डायलिसिस योजनेत इथे होतं का, नवीन पेशंटला जागा आहे का, फिस्टुला इथे योजनेत होतो का, आणि रक्त वाढायचं इंजेक्शन, लोहाचं इंजेक्शन, डायलायझर म्हणजे मशीनला लावायची रक्त गाळणी, ट्यूब, महिन्याच्या तपासण्या यातलं काय पॅकेजमध्ये आहे आणि काय बाहेरून आणावं लागेल. पेशंट घरी जाताना एका वेळचं परतीचं भाडंही योजनेच्या पॅकेजमध्ये धरलेलं असतं, ते कुणी स्वतःहून सांगत नाही, तेही विचारा. जे पॅकेजमध्ये आहे त्याचे वेगळे पैसे मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन करा. आयुष्मानचा नंबर १४५५५. तक्रार करायला माणूस घाबरतो, कारण परवा परत त्याच मशीनवर झोपायचं असतं, हे मला कळतं, म्हणून आधी आरोग्यमित्राशी नीट शांतपणे बोला, बरेच वेळा तिथेच मिटतं.

७० वर्षांवरचं कुणी असेल तर उत्पन्न न बघता त्यांचं आयुष्मान कार्ड वेगळं निघतं, २०२४ च्या शेवटापासून ते सुरू झालंय.

योजनेत जागा नसेल तर जिल्ह्याचं सिव्हिल किंवा उपजिल्हा रुग्णालय बघा. २०१६ च्या बजेटमध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, तेव्हापासून जिल्हा रुग्णालयांत डायलिसिस युनिट उभी राहिली, गरिबांना तिथे मोफत आहे. अडचण जागेची असते, तीन शिफ्ट भरलेल्या असतात, मग वेटिंग लिस्ट. नाव लिहून या, मधूनमधून फोन करत राहा. आणि तिसरा रस्ता धर्मादाय हॉस्पिटलचा, मोठ्या शहरातली बरीच नावाजलेली हॉस्पिटलं ट्रस्टची आहेत, त्यांना १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकासाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात, उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला, एमएसडब्ल्यू म्हणतात, उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन भेटायचं. जिवावर बेतलेलं असेल तर अनामत रक्कम भरली नाही म्हणून धर्मादाय हॉस्पिटलला पेशंट परत पाठवता येत नाही. पाठवलं तर जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात लेखी द्या.

हे तिन्ही न जमून प्रायव्हेटला जायची वेळ आली तर हिशोब आधी घालून बघा. एका वेळेला दीड हजार धरले आणि आठवड्याला तीन वेळा, तर वर्षाला १५६ वेळा होतात, २ लाख ३४ हजार नुसते मशीनचे. "पहिले दोन महिने प्रायव्हेटला करू, मग बघू" असं म्हणून सुरू केलेलं तसंच चालत राहतं, म्हणून प्रायव्हेटला पहिल्या दिवशी गेलात तरी सरकारी वेटिंगला त्याच आठवड्यात नाव टाका.

मुख्यमंत्री सहायता निधीतून किडनीच्या उपचाराला मदत मिळते, त्याला खर्चाचं कोटेशन, रिपोर्ट, उत्पन्नाचा दाखला लागतो आणि पैसे तुमच्या नाही तर हॉस्पिटलच्या खात्यात जातात, त्यामुळे आधी बिल भरून नंतर अर्ज करण्यात अर्थ नाही. बऱ्याच जिल्हा परिषदा स्वतःच्या फंडातून हृदय, कॅन्सर, किडनी अशा दुर्धर आजारांना एकरकमी मदत देतात, रक्कम लहान असते पण भाड्याला उपयोगी पडते, तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या ऑफिसात फॉर्म मिळतो. कमावता माणूसच आजारी पडला असेल आणि उत्पन्न काहीच उरलं नसेल तर संजय गांधी निराधारसाठी तहसीलमध्ये अर्ज टाका, महिन्याला १५०० सुद्धा डायलिसिसच्या घरात मोठे असतात.

शिफ्ट आणि गाडी

इथे खरा घोळ असतो. डायलिसिस म्हणजे आठवड्यात दोन किंवा तीन दिवस, दर वेळी चार तास मशीनवर, शिवाय आधी वजन बीपी आणि नंतर सुईच्या जागा दाबून बसणं, म्हणजे पाच सव्वापाच तास. सेंटरला सकाळी सातची शिफ्ट मिळाली की लोक खूश होतात, पण गावातून मुक्कामी गाडी पहाटे सहाला निघून शहरात साडेआठला पोचत असेल तर ती शिफ्ट तुमच्या कामाची नाही, दर वेळी खासगी गाडी करावी लागेल आणि तिथेच महिन्याचे हजारो रुपये जातील. शेवटची शिफ्ट घेतली तर सुटेपर्यंत गावाकडची शेवटची गाडी गेलेली असते. म्हणून सेंटरला जायच्या आधी डेपोत जाऊन तुमच्या गावच्या गाड्यांच्या जाण्यायेण्याच्या वेळा कागदावर लिहून घ्या, तो कागद टेक्निशियनसमोर ठेवा आणि दुपारची मधली शिफ्ट मागा. शिफ्ट वाटप बहुतेक ठिकाणी सिस्टर आणि टेक्निशियनच करतात, शहरातला पेशंट सकाळी सातला येऊ शकतो, त्याच्याशी अदलाबदल करून देतात, फक्त कुणीतरी तसं सांगायला लागतं. एकाच रस्त्यावरच्या गावांतले दोन तीन पेशंट असतील तर त्यांचे वार एक करून मागा, एक ऑटो तिघांत पडतो आणि सोबतीला एकच माणूस पुरतो, बाकी दोन घरांची मजुरी वाचते.

एसटीच्या सवलतींच्या यादीत सिकलसेल, एचआयव्ही, हिमोफिलिया यांच्यासोबत डायलिसिसचे पेशंटही आहेत, हे खूप जणांना माहीत नाही, कंडक्टरलाही कधी कधी नसतं. कुठलं सर्टिफिकेट लागतं आणि कुठल्या गाडीला चालतं ते डेपोत विचारून, सिव्हिलमधून ते करून घ्या. ७५ वर्षांपुढे तसाही प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ आणि सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणून सोबतीला घरातली बाई जाऊ शकत असेल तर तोही हिशोब धरा. रेल्वेत डायलिसिसला किंवा ट्रान्सप्लांटला जाणाऱ्या पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला सेकंड क्लास, स्लीपर, थ्री टायर एसीमध्ये ७५ टक्के सवलत आहे, हॉस्पिटलने ठरावीक फॉर्मवर सही शिक्का दिला पाहिजे आणि तिकीट खिडकीवरच काढायचं, मोबाईलवर ती सवलत मिळत नाही. शेगाव, अकोला, बडनेरा अशा लाईनवरच्या लोकांनी ही नक्की वापरावी. १०८ मात्र रोजच्या डायलिसिसला नेत नाही, ती दम लागला, बेशुद्ध पडला, छातीत दुखलं अशा वेळेसाठी आहे.

परत येताना बीपी पडतं, चक्कर येते, म्हणून लगेच गाडीत चढू नका, अर्धा तास बसवून, काहीतरी खाऊन मग निघा, आणि सुईच्या जागी रक्त परत आलं तर बोटाने दाबून धरायचं, दोरी किंवा रुमाल आवळून बांधायचा नाही.

पाणी, मीठ आणि पावसाळा

दोन डायलिसिसच्या मध्ये जेवढं पाणी अंगात साठेल तेवढं मशीनला ओढावं लागतं, जास्त ओढलं की बीपी पडतं, गोळे येतात. किती प्यायचं ते डॉक्टर लघवीच्या हिशोबाने सांगतात, सकाळी तेवढं पाणी एका बाटलीत भरून ठेवा, चहा, ताक, वरणाचं पाणी सगळं त्यातच मोजायचं. उन्हाळ्यात विदर्भात हे फार कठीण जातं, चूळ भरून टाकणं, बर्फाचा लहान खडा चघळणं यावर लोक काढतात. मीठ कमी केलं की तहानच कमी लागते, लोणचं, पापड, ठेच्यावरचं मीठ आधी कमी करा. लो सोडियम म्हणून मिळणारं मीठ अजिबात आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि वाढलेलं पोटॅशियम हृदय बंद पाडतं. नारळपाणी, केळी, संत्र्याचा रस हे पेशंटला बघायला येणारे हमखास घेऊन येतात, प्रेमाने आणतात, पण डॉक्टरला विचारल्याशिवाय द्यायचं नाही. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचं.

पावसाळ्यात नाल्याला पूर आला, पोळ्याला गाडीला गर्दी, संप, निवडणुकीला गाड्या गेल्या, अशा दिवशी डायलिसिस चुकतं. एक चुकलं आणि मध्ये तीन चार दिवस गेले की पोटॅशियम आणि पाणी दोन्ही वाढतं, यातच जास्त माणसं जातात. जून ते सप्टेंबर ज्यांचं गाव तुटतं त्यांनी मोठा पाऊस सांगितला असेल तर आदल्या दिवशीच शहरातल्या नातेवाइकाकडे जाऊन राहावं, आणि चुकलंच तर पाणी निम्म्यावर आणून, फळ डाळ बंद करून, सेंटरला फोन करून पुढची पहिली रिकामी शिफ्ट मागावी.

पोटाचं डायलिसिस आणि ट्रान्सप्लांट

सेंटर फारच लांब असेल तर पोटातून घरी करायचं डायलिसिस, सीएपीडी, याबद्दल विचारा. पोटात नळी टाकतात आणि दिवसातून तीन चार वेळा डायलिसिसच्या पाण्याची दोन लिटरची पिशवी पोटात सोडून परत काढायची. स्वच्छ कोरडी खोली, हात धुवायची शिस्त आणि पिशव्या वेळेवर पोचणं हे जमलं तर माणूस शेतात जाऊ शकतो. पिशव्यांचा महिन्याचा खर्च जास्त आहे. २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हे धरलेलं आहे, तुमच्या जिल्ह्यात मिळतं का ते सिव्हिलला विचारा.

ट्रान्सप्लांट जमत असेल तर ते डायलिसिसपेक्षा बरं, फक्त नंतरच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट वगैरे, त्यांचा महिन्याचा खर्च आधी विचारून घ्या, जनऔषधी केंद्रात काही बऱ्याच स्वस्त मिळतात पण ब्रँड बदलायचा तर डॉक्टरला सांगूनच. किडनी देणारे जवळचे म्हणजे आईवडील, मुलं, भाऊबहीण, नवराबायको, आजीआजोबा, नातवंडं. बाकी कुणी देणार असेल तर समितीची परवानगी लागते. घरात रक्तगट जुळत नसेल तर दुसऱ्या तशाच जोडीशी अदलाबदल कायद्याने करता येते. आणि मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव टाकायचं असेल तर ते ट्रान्सप्लांट करणाऱ्या हॉस्पिटलमार्फत विभागीय केंद्रात जातं, मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर (आधीचं औरंगाबाद) अशी ती केंद्रं आहेत, डायलिसिस सुरू झाल्याबरोबर नाव टाका कारण नंबर यायला वर्षं लागतात. हॉस्पिटलच्या गेटवर कुणी किडनी मिळवून देतो म्हणत भेटला तर एक रुपया देऊ नका, किडनी विकत घेणं आणि विकणं दोन्ही १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि पकडलं गेलं तर पेशंटच्या घरचेही त्यात येतात.